तुझी एक ओळ मी खोडली

दामू, आधी आपलं भांडण पुरं करू. रडायचं ते मी मागाहून रडेन, रोज रडतेच आहे. पण तू भांडण अर्धं टाकून गेलास, आणि अर्धं भांडण मला पचत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तुला जाऊन चार महिने झाले. क्वात्र बॉर्नच्या ऑफिसात मिसिएने, आमच्या गोऱ्या डायरेक्टरने, मला सांगितलंय की वार्षिक पुस्तिकेत तुझ्यावर एक परिच्छेद हवा. इंग्रजीत, दहा ओळी, शेजारी तुझा फोटो. "तू त्याची बहीण, तूच लिही, लीला," म्हणाला. मी मशीनला कागद लावला आणि टाइप केलं की दामोदर हा शेतकऱ्यांचा लाडका अधिकारी होता. पुढे हात चालेना. लाडका होतास हे खरं, पण त्या पुस्तिकेत सगळेच लाडके असतात. कागद ओढून काढला. आता हे मराठीत लिहितेय. हे कुठे छापायला जाणार नाही, म्हणून यात काही लपवायचं कारण नाही.

शमें ग्रेनिएला, आपल्या गावात, आपली घरं पाठीला पाठ लावून होती. तुझी आई म्हणजे माझी आत्या. मधे फक्त भाजीचा वाफा आणि त्यातून पडलेली पायवाट. मी तीन वर्षांनी मोठी, म्हणून तू मला लीलाबाय म्हणायचास आणि मी तुझ्यावर हुकूम सोडायचे. संध्याकाळी बैठकेत, आपल्या गावच्या मराठी शाळेत, गुरुजी बाराखडी घोकून घ्यायचे आणि तू पाटीमागे रोपं लपवून आणायचास. पोरं तुला पोमदामूर म्हणायची. क्रेओलमध्ये टोमॅटोला तेच म्हणतात आणि त्यात दामू आयताच बसलेला, मग सोडतंय कोण! तू म्हणायचास, "बरा हाय, खायच्या कामाचा तरी हाय." ही बाराखडी पुढे कुठे उपयोगी पडणार, असं माझे बाबा विचारायचे.

तू शेतीखात्यात लागलास तेव्हा मी क्वात्र बॉर्नच्या या संस्थेत टायपिस्ट होते. उसाच्या दोन ओळींमधल्या जागेत बटाटा घ्यायचा, हे आपल्या मॉरिशस बेटावर सगळ्यांना येतं. तू तिथे घेवडा घेऊन दाखवलास, मका घेऊन दाखवलास, आणि सायकलवरून गावोगाव तेच सांगत फिरलास. आमच्या संस्थेला नेमका असा माणूस हवा होता. परदेशातल्या लोकांनी दिलेल्या मदतीतून, लढाईने उठलेल्या गावांना पुन्हा शेतीवर उभं करायचं, हे संस्थेचं काम. गावं मोझांबिकमध्ये आणि ऑफिस मॉरिशसमध्ये, कारण इथे फोन लागतो, टपाल पोचतं आणि मिसिएच्या मुलांना फ्रेंच शाळा मिळते. जागा रिकामी आहे हे तुला मी सांगितलं. अर्ज मी टाइप केला. मुलाखतीच्या दिवशी तुझ्या गळ्यात टाय मी बांधला, कारण तुला येत नव्हता. आत्या हे विसरली असेल, म्हणून मी लिहून ठेवते.

पहिल्या वर्षीची तुझी पत्रं अजून माझ्याकडे आहेत. नदीकाठचं ते गाव, दोनदा जळलेलं, दोनदा परत येऊन वसलेलं. पुरुष थोडे, बायका पुष्कळ. त्या बायकांना तू मक्याच्या ओळींमध्ये घेवडा लावायला शिकवलंस, आपल्या उसात लावतो तसा. त्या आधी हसल्या, मग त्यांनीच तुला शिकवलं की ओळ नदीकडे नाही, वाऱ्याकडे तोंड करून घ्यायची. "लीलाबाय, मी हितं मास्तर म्हनून आलो आन पोर झालो," असं तू लिहिलं होतंस. तुझा ड्रायव्हर जोझे त्याच गावचा. अर्धं पोर्तुगीज, अर्धं क्रेओल असं तुम्ही दोघं काहीतरी बोलायचात आणि दिवसभर गाडीतून फिरायचात. त्या वर्षी तू सुट्टीला आलास तेव्हा आत्याने तेर रूज गावची मुलगी बघून ठेवली होती. शिकलेली, शांत, नाकीडोळी नीटस. तू चहा प्यायलास, बिस्किटं खाल्लीस आणि तिच्या बापाला मोझांबिकच्या मातीबद्दल तासभर सांगत बसलास. बाहेर आल्यावर म्हणालास, "हा घेवडा निगू दे, मग लगीन." आत्या तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी मात्र हसले होते. मला वाटलं होतं, घेवडा काय, तीन महिन्यांत निघतो.

आता नकाशाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय.

दर तिमाहीला मी एक नकाशा रंगवायचे. प्रत्येक गाव एक तर हिरवं, एक तर लाल. हिरवं म्हणजे शांत गाव. तिथे बियाणं, फावडी, पाण्याचे पंप जायचे, आणि गाडी एकटी जायची, कारण शांत गावाला सोबत कशाला? लाल म्हणजे लढाईचं गाव. तिथे फक्त पिठाची पोती जायची, पण सैनिकांच्या सोबतीने, चार-पाच गाड्या एका रांगेत. हिरव्याचे पैसे एका खात्याचे, लालचे दुसऱ्या खात्याचे, आणि ती दोन खाती दोन देशांत बसलेली. हिरव्या गावाला सोबत मिळायची नाही आणि लाल गावाला बी मिळायचं नाही. मी मिसिएला एकदा विचारलं होतं की हे असं का. तो म्हणाला, मदत देणाऱ्यांना एका गावावर एकच रंग कळतो.

आणि तुझं नदीकाठचं गाव खरं तर कधी शांत असायचं, कधी नसायचं. एका महिन्यात शाळा भरायची, पुढच्या महिन्यात रस्त्यावर बंदूकवाले यायचे. तू त्यावर तुझी तोड काढलीस. रिपोर्ट तू हाताने इंग्रजीत लिहायचास, मी तो टाइप करायचे आणि मिसिएच्या टेबलावर ठेवायचे. इंग्रजीत सगळं ठीकठाक असायचं. पाऊस वेळेवर, बायकांची उपस्थिती चांगली, प्रगती समाधानकारक. खरं काय ते समासात, पेन्सिलीने, बैठकेत शिकलेल्या मराठीत. "लीलाबाय, सोमवारी गोळ्यांचा आवाज आला. घाबरू नको. हिरवाच ठेव." किंवा, "जोझेच्या चुलत्याला उचलून नेला. इंग्रजीत नाय लिहिला. हिरवाच ठेव." मी ते वाचायचे, रबराने पुसायचे आणि गाव हिरवं रंगवायचे. ऑफिसात दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हती. इंग्रजी मिसिएसाठी, मराठी माझ्यासाठी. आपण दोघांनी हे कधी बसून ठरवलं नव्हतं, पण सगळ्या कराराहून ते पक्कं झालं होतं.

मला ते आवडत नव्हतं, हे तू कबूल कर. गेल्या गणपतीला तू आलास तेव्हा मी आत्याच्या स्वयंपाकघरात तुला गाठलं. आत्या मोदक वळत होती. बाहेर झाकरीची तयारी चालली होती, गणपतीपुढे फेर धरून म्हणायची आपली जुनी गाणी, आणि ढोलकीवाला तुलाच हाका मारत होता.

"ह्या असा बाजूला बाजूला किती दिस लिवनार तू?" मी म्हटलं. "साहेबाला इंग्रजीत सांग ना सरळ. लारूत खराब हाय, रस्त्यावर बंदूकवाले हायेत."

"आन मग? गाव लाल होनार. बी बंद."

"जीव तरी वाचंल."

"कुनाचा गो? माजा वाचंल. त्येंचा?" तू मोदकाला हात घातलास आणि आत्याने तो हात झटकला. "लीलाबाय, पीठ खाऊन मानूस रांगेत बसून ऱ्हातो. बी टाकला तर उबा ऱ्हातो. मो दीर त्वा, सांगतो तुला, मी दोन्ही बघितलाय."

"मग दोन्ही माग. बी पन दे, सोबत पन दे, असा सांग. एकदा खरा सांगून तर बघ."

"ते ऐकनार हायेत?"

"न्हाय सांगितलंस तर कसे ऐकनार?"

यावर तू आत्याच्या शेजारी बसून एक मोदक वळायला घेतलास. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात ढोलकीवाला दारात आला आणि तुझा हात धरून ओढायला लागला. तू जाता जाता म्हणालास, "पुडल्या येळेला बोलू, लीलाबाय. आता गनपती हाय. पा त्राकासे." काळजी करू नको. तू हे इतक्या सहज म्हणायचास की मी खरंच करायची नाही.

विसर्जनाला तू समुद्रात कमरेपर्यंत गेलास. माझ्या डोळ्यांपुढे तुझं तेवढंच आहे आता, पाठमोरा, डोक्यावर पाट धरलेला. चार दिवसांनी तू विमानाने गेलास.

आता मी जे केलं ते सांगते.

पावसाच्या आधीचा रिपोर्ट आला तेव्हा ऑफिसात घाई होती. नकाशा छापायला जायचा होता, मिसिए दर अर्ध्या तासाने डोकावत होता. मी तुझा कागद उघडला. प्रगती समाधानकारक, उपस्थिती चांगली, आणि खाली एक ओळ. नदीकाठच्या गावाचा रस्ता या महिन्यात सुरक्षित नाही, सोबत मिळाल्याशिवाय बियाण्याची गाडी नेऊ नये असं माझं मत आहे. स्वच्छ इंग्रजीत, शाईने. मी समास पाहिला. समास कोरा होता. पान उलटून पाहिलं, लिफाफ्यात बोट घालून पाहिलं. मराठीत एक अक्षर नव्हतं.

दामू, मी टायपिस्ट असेन, पण बावळट नाही. मी दोन मिनिटं विचार केला. खरं काही असतं तर मराठीत असतं. मराठी नाही, म्हणजे सगळं ठीक. मग ही इंग्रजी ओळ कशाला? तू वर्षभर नवी गाडी मागत होतास. मला वाटलं, मिसिएला थोडं भेवडावून गाडी काढायची युक्ती केलीस. आणि मला हेही वाटलं की वेड्या, या युक्तीने गाव लाल होईल, बी बंद होईल, आणि मग माझ्या नावाने खडे फोडशील. मी तुला वाचवायला निघाले होते. मी ती ओळ टाइप केली नाही. तुझ्या हस्ताक्षरातल्या कागदावर तिच्यावरून एक रेघ मारली, हिरवी पेन्सिल घेतली आणि तुझं गाव रंगवलं. नीट रंगवलं, कडेच्या बाहेर जाऊ दिलं नाही.

तीन आठवड्यांनी तार आली. गाडी रस्त्यात अडवली, जाळली, तू त्यात एकटा होतास. जोझेला ताप होता म्हणून तो मागे राहिला होता.

मिसिएने गाडी काढली आणि मला शमें ग्रेनिएला आणून सोडलं. आत्याला सांगायचं काम माझं. तिने पहिलं विचारलं, "कदी आनतात त्येला?" मी सांगितलं की गावकऱ्यांनी तिथेच, शेताच्या कडेला, मातीत ठेवलं. ती उठून उभी राहिली. "पुरला? माज्या पोराला पुरला?" त्यांना आपली रीत कशी ठाऊक असणार, ते मी सांगत होते, ती ऐकत नव्हती. मग भटजी महाराजांनी सांगितलं तसं केलं. दर्भाचा पुतळा केला, त्याला तुझा पांढरा सदरा घातला. सदरा मोठा पडला म्हणून आत्याने बाह्या दुमडल्या, तू लहान असताना दुमडायची तशा. नदीवर त्याला अग्नी दिला. गवत ते, पटकन जळलं. माणसाला लागतो तेवढाही वेळ लागला नाही, आणि आत्या म्हणत राहिली की एवढ्यात कसा झाला, एवढ्यात कसा झाला.

तोपर्यंतही मला माझं काही कळलं नव्हतं, यावर तुझा विश्वास बसेल का? मी रडत होते ती साधी रडत होते. बहिणीने भावासाठी रडावं तशी.

जोझेचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. पोर्तुगीजमध्ये. चर्चमधल्या म्हाताऱ्या फादरना ती भाषा येते, त्यांच्याकडे घेऊन गेले. ते वाचत गेले आणि मला क्रेओलमध्ये सांगत गेले. जोझेने लिहिलं होतं की तो रिपोर्ट तू त्याच्यासमोर, गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलास. ती ओळ लिहून झाल्यावर हसलास. म्हणालास, माझी बहीण किती वर्षं सांगतेय की खरं आहे ते इंग्रजीत लिही, समासात नको. आज ऐकलं तिचं. आता मराठीत वेगळं काय लिहायचं, सगळं इंग्रजीतच आहे. वाचून खूश होईल बाई.

फादरनी पत्र खाली ठेवलं. मी म्हटलं, वाचा.

मग तू उत्तराची वाट पाहिलीस. दोन आठवडे गाडी जागची हलवली नाहीस. पाऊस आला, बायकांचे निरोप यायला लागले की जमीन तयार आहे, बी कुठाय. मग छापलेला नकाशा आला, आणि त्यात तुझं गाव हिरवं. जोझे म्हणाला, त्यांनी रिपोर्ट वाचला नसेल. तू म्हणालास, मिसिए वाचणार नाही, पण लीलाबाय वाचतेच. तिने वाचूनसुद्धा हिरवं ठेवलंय, म्हणजे तिला तिकडून काही चांगली बातमी कळली असेल. तिने बघूनच ठेवलं असेल. आणि तू गाडी काढलीस.

मी तुझं ऐकलं आणि तू माझं ऐकलंस, दामू, एकाच महिन्यात. इतकी वर्षं एकमेकांचं एक ऐकलं नाही. आता ऐकलं. का रे? एक शब्द मराठीत लिहिला असतास. नुसतं लीलाबाय लिहिलं असतंस तरी मी ती ओळ दोनदा वाचली असती. हे बघ, मी तुझ्यावरच ढकलतेय. दिवसातून दहा वेळा ढकलते आणि दहा वेळा ते माझ्याच अंगावर परत येतं. तू खरं लिहिलंस. मी ते खोडलं. याच्यापुढे वादच नाही.

पण त्यातही तू मला कुठे कमी लेखलं नाहीस, हे मला सहन होत नाही. लीलाबाय वाचतेच, म्हणालास. माझ्यावर इतका भरवसा आजवर कुणी टाकला नव्हता. आईबापांनी नाही, नवऱ्याने नाही. एका अर्थी मी त्यासाठी तुझी जन्माची ऋणी आहे आणि त्यासाठीच मला जगावंसं वाटत नाही. दोन्ही एकदम वाटतं. सकाळी बसमध्ये बसते तेव्हा वाटतं, उतरते तेव्हाही वाटतं.

मी तुझा तो हाताने लिहिलेला रिपोर्ट मिसिएच्या टेबलावर ठेवला. त्याने ओळ वाचली, तिच्यावरची माझी रेघ पाहिली, चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, समासातल्या मराठीसकट. मला वाटलं, हाकलून देईल. हाकललं असतं तर बरं झालं असतं. तो उठून खिडकीपाशी गेला.

"ही ओळ मी वाचली असती तर गाव लाल केलं असतं," तो म्हणाला.

"बी आणि सोबत, दोन्ही दिलं नसतं?"

"दोन्ही देणारं खातंच नाही, लीला."

म्हणजे गणपतीतल्या त्या भांडणात तू बरोबर होतास. खरं सांगून दोन्ही मिळालं नसतं. फक्त तू असतास.

मग त्याने पुढचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. सोमवारी छापायला जायचा होता. दुसऱ्या पेरणीचं बियाणं गोदामात पडून होतं, आणि ते घेऊन जायला जोझे तयार झाला होता. जोझेने मिसिएला कळवलं होतं की बंदूकवाले आता पलीकडच्या खोऱ्यात गेलेत, रस्ता बरा आहे, गाव हिरवंच ठेवा. बायकांनीही अंगठे उठवून तेच कळवलं होतं. "हा जुना कागद मी पाहिला नाही असं समजू," मिसिए म्हणाला. "गाडीवर एक हल्ला झाला म्हणून गाव लाल करावंच लागत नाही, लेखी इशारा असला तर लागतं. मी लाल केलं तर दामोदरचं काम त्याच दिवशी संपतं. पुन्हा हिरवं व्हायला दोन वर्षं लागतात. नाही केलं तर..." आणि मग क्रेओलमध्ये म्हणाला, "की पु फेर, लीला?" काय करायचं? इतका मोठा माणूस, आणि पेन्सिल माझ्या हातात देऊन बसला.

मी रविवारी आत्याकडे गेले. ती मागच्या पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी खाली बसले आणि सांगितलं की रस्ता खराब आहे असं दामूने लिहिलं होतं, ती ओळ मी काढून टाकली. एका दमात सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेंग उघडायची, दाणे टोपात, साल बाजूला. मला वाटलं, तिला कळलं नाही. पुन्हा सांगायला तोंड उघडलं.

"ऐकलां मी," ती म्हणाली.

मग पुढची शेंग उचलत, "आता कोन जानार थितं?"

"जोझे. दामूचा ड्रायव्हर. पन गाव लाल केला तर न्हाय जानार. मग त्या बायकांना बी न्हाय मिळनार, आत्या. दामूचा समदा काम संपनार."

"त्येला आय हाय?"

"कुनाला?"

"त्या पोराला. डायवरला."

"हाय."

"मग मना काय इचारतंस?" ती म्हणाली. टोप उचलून आत गेली आणि दारातून, मागे वळून न पाहता, म्हणाली की आता घरी जा, मी बोलवीन तेव्हा ये. अजून बोलावलेलं नाही. वाफ्यातली पायवाट आहे तिथेच आहे, पण मी शमें ग्रेनिएला जाते तेव्हा मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाते.

सोमवारी मी तुझं गाव लाल केलं.

तुला शब्द दिला नव्हता, पण दिल्यासारखाच होता. प्रत्येक चिठ्ठीत तू एवढंच मागितलंस, हिरवंच ठेव. तुझ्या सहा वर्षांच्या कामावर मी लाल पेन्सिल फिरवली. बियाण्याची पोती गोदामातून दुसरीकडे गेली. गावात आता पीठ येतं, सैनिकांच्या सोबतीने. फावडी परत मागवली, कारण लाल गावाच्या यादीत फावडी नसतात. ते पत्रही मीच टाइप केलं.

काल जोझेचं दुसरं पत्र आलं. फादरनी वाचायला घेतलं आणि दोन ओळींनंतर माझ्याकडे बघितलं. "फार रागाने लिहिलंय, मादाम. नको वाचायला." मी म्हटलं, सगळं वाचा.

त्याने लिहिलं होतं की दोना लीला, म्हणजे लीलाबाई, तुम्ही आमच्या हातातलं बी काढून घेतलंत. बायका पहाटेपासून पिठाच्या रांगेत बसतात आणि शेतात तण वाढलंय. दामोदर आमच्यासाठी मेला आणि तुम्ही त्याचं शेत मारलंत. रस्ता मला ठाऊक होता, जायचं की नाही ते मी ठरवलं असतं, तुम्हाला कुणी विचारलं होतं? तुम्ही त्याची बहीण आहात यावर माझा विश्वास नाही. यापुढे तुमच्या ऑफिसचं तोंड पाहणार नाही. मग शिव्या होत्या. फादरनी त्या गाळल्या आणि मी त्या मागून घेतल्या. मला एकही चुकवायची नव्हती.

पत्राच्या शेवटी त्याची सही होती आणि तारीख. मी फादरना तारीख पुन्हा वाचायला लावली. बियाण्याची गाडी निघायची होती, तिच्या नंतरच्या आठवड्यातली ती तारीख. चार पानं, दोन्ही बाजूंनी, पेन इतकं दाबून लिहिलेलं की कागद फाटला होता. बंदूकवाले त्या रस्त्यावर परत आले होते की नाही, ते त्याने लिहिलेलं नाही, आणि मला ते कधीच कळणार नाही. एवढंच कळलं की त्या दिवशी तो धडधाकट होता आणि मला शिव्या घालत होता.

मी पत्र घडी करून घेतलं आणि चर्चच्या बाकावर बसून राहिले. पावसाआधी मी तुझं गाव लाल केलं असतं, दामू, तर हे पत्र तुझं असतं.